केबल बदलली तरी काटा थरथरतोच? आधी चार्ट वाचा, मग पाना उचला

एका जड वाहनाचा यांत्रिक टॅकोग्राफ, म्हणजे गाडीचा वेग आणि अंतर गोल कागदी चार्टवर नोंदवणारं यंत्र, आठ महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्याकडे आला. तक्रार दर वेळी एकच होती: वेगाचा काटा थरथरतो, कधी उडी मारतो, आणि काही आठवड्यांनी केबल तुटून सगळंच मेल्यासारखं होतं. आधीच्या दोन्ही वेळी मी केबल बदलून गाडी सोडली होती. म्हणजे चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझीच. तिसऱ्या वेळी मात्र केबलला हात लावण्याआधी चालकाकडून मागच्या दोन आठवड्यांचे चार्ट मागून घेतले. भिंग घेऊन अर्धा तास बसलो तेव्हा कळलं, की केबल बिचारी निर्दोष आहे. ती मरत होती ती दुसऱ्याच्या दुखण्यानं.

ज्यांच्याकडे ही तक्रार पुन्हापुन्हा येते, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. एक सूचना आधीच: यंत्राला कायदेशीर सील असेल तर त्याचं डोकं, म्हणजे डॅशबोर्डावरचा मुख्य भाग, उघडायचं काम अधिकृत कार्यशाळेचंच. तुम्ही चार्ट वाचून आणि केबल तपासून निदान करा आणि ते लेखी त्यांच्या हातात द्या. नुसतं 'काटा हलतो' म्हणून गाडी पाठवली, तर तेही केबल बदलून परत पाठवतील.

एक केबल, दोन साक्षीदार

गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक छोटा पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, असतो. त्याच्यात चौकोनी टोकाची लवचीक केबल बसते, ती बाहेरच्या आवरणातून फिरत फिरत डॅशबोर्डापर्यंत येते आणि यंत्राच्या शाफ्टला फिरवते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच विसरली जाते: आत शिरल्यावर या एकाच फिरण्याचे दोन वेगळे उपयोग होतात.

पहिला उपयोग अंतरासाठी. शाफ्टवरून दातेरी चाकांची एक माळ जाते. शाफ्टचे अमुक फेरे झाले की अंतराची सुई अमुक इतकी सरकते. यात घसरायला जागाच नाही, दात दाताला लागलेला असतो. चार्टवर ही सुई वर-खाली वर-खाली असा करवती नक्षीकाम करते. वर जाणारी रेघ पाच किलोमीटरची, खाली येणारी पाच किलोमीटरची, म्हणजे एक पूर्ण टोक दहा किलोमीटरचं.

दुसरा उपयोग वेगासाठी, आणि इथे दात लागलेले नाहीत. शाफ्टच्या टोकाला कायम चुंबक असतो. त्याच्याभोवती, त्याला न शिवता, अ‍ॅल्युमिनियमचा एक पातळ कप असतो. चुंबक फिरला की कपात भोवरप्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि कप चुंबकामागे ओढला जातो. त्याला धरून ठेवते एक केसासारखी बारीक स्प्रिंग. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ओढ जास्त, तितका कप स्प्रिंगविरुद्ध जास्त वळतो आणि काटा वर चढतो. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकानं १९०२ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. ती इतकी साधी निघाली, की पुढची कित्येक दशकं बहुतेक गाड्यांचे काटे याच तत्त्वावर चालले.

आता या दोन रेघा एकाच कागदावर शेजारी शेजारी उमटतात, एक दातांच्या भरवशावर आणि दुसरी चुंबकाच्या ओढीवर. म्हणून बिघाड आला की पहिला प्रश्न असा विचारायचा: दोन्ही बिघडल्यात की एकच?

अंतर आणि वेग दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर दोष यंत्रात शिरण्यापूर्वीचा आहे. टायर, पिनियन, मधला गुणोत्तराचा गिअर, यांपैकी काहीतरी. अंतर बरोबर आणि वेग चुकीचा असेल, तर दोष चुंबक-कप-स्प्रिंग या मंडळात. काटा बरोबर दाखवतो पण चार्टवरची रेघ चुकते, तर सुई, तिचा दांडा किंवा चार्ट स्वतः. दोन्ही एकदम बंद पडतात आणि एकदम सुरू होतात, तर केबल कुठेतरी निसटते आहे. एवढं एक कळलं तरी निम्मं काम झालं.

पडताळणी सोपी आहे. चार्टवर असा एक तास शोधा ज्यात वेगाची रेघ ६० च्या आसपास सपाट आहे. त्या तासात अंतराच्या बारा रेघा, म्हणजे सहा पूर्ण टोकं मोजता आली पाहिजेत. पाचच टोकं दिसली तर वेग वाढवून दाखवला जातोय. सात दिसली तर कमी.

माझ्या त्या गाडीच्या चार्टवर नेमकं काय होतं? सकाळच्या पहिल्या पाऊण तासात वेगाची रेघ ८० च्या वर. तेवढ्यात अंतराच्या रेघा मात्र साठाच्या हिशेबाच्याच. नंतर वेग हळूहळू उतरत सकाळी दहा वाजण्याच्या सुमारास अंतराशी जुळतो आणि दिवसभर जुळलेला राहतो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. थंड असताना वेग वाढवून सांगणारं आणि गरम झाल्यावर खरं बोलणारं यंत्र. दातेरी बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी. म्हणजे केबल पूर्ण फेरे पोचवत होती, आणि तरीही मी दोनदा केबलच बदलली होती.

तेल वर चढतं

थंडीत वेग जास्त का दाखवेल? चुंबक आणि कप यांच्यामधल्या फटीत हवाच असायला हवी. तिथे तेल शिरलं तर चुंबकाची ओढ आणि तेलाची चिकट ओढ अशी दुहेरी ओढ कपावर येते. थंड तेल घट्ट, म्हणून सकाळी ओढ जास्त. तापलं की पातळ होतं आणि काटा बऱ्यापैकी शुद्धीवर येतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी म्हणेल की तापमानानं चुंबकीय वेगमापक तसेही बदलतात. बदलले असते. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध दर अंश सेल्सियसला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. तीस अंशांचा फरक पडला तर नुसत्या त्यानं बारा टक्क्यांची चूक व्हावी. पण बनवणाऱ्यांनी चुंबकाला निकेल-लोखंडाच्या खास मिश्रधातूची पट्टी जोडलेली असते. थंड असताना ती काही चुंबकीय बलरेषा स्वतःकडे वळवून घेते, गरम झाली की सोडून देते. त्यामुळे एक चूक दुसरीला खोडते. चांगल्या स्थितीतल्या यंत्रात सकाळ-दुपारचा फरक डोळ्याला दिसू नये. दिसतोय म्हणजे फटीत काहीतरी आहे.

तेल तिथपर्यंत पोचतं कसं? केबल म्हणजे तारांचे एकावर एक उलटसुलट गुंडाळलेले थर. सगळ्यात बाहेरचा थर स्क्रूच्या आट्यांसारखा असतो. आवरणाच्या आत तो फिरायला लागला, की खाली गिअरबॉक्सच्या ऑईल सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीतून, झिरपलेलं तेल आटे धरून वर सरकतं, पाणी उपसायच्या जुन्या स्क्रूसारखंच. दिवसाला थेंबभर चढलं तरी महिन्यात बरंच होतं.

वर पोचलेलं तेल दोन उद्योग करतं. कपाच्या फटीत शिरतं, हा एक. दुसरा जास्त घातक: यंत्राच्या खालच्या बुशात, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत, शिरून तिथल्या धुळीशी मिसळतं आणि कालांतरानं डिंकासारखं घट्ट होतं. मग शाफ्ट फिरायला जड होतो. केबल पिळत जाते, पिळत जाते आणि अचानक सुटते. काटा उडी मारतो तो या सुटण्यामुळे. असं लाखो वेळा झालं की तारा एकेक करून तुटतात. माझ्याकडच्या तिन्ही केबली वरच्या टोकाजवळ, पॅनेलमागच्या वळणातच तुटल्या होत्या. तारा उसवून फुलासारख्या उघडलेल्या. पहिल्या दोन वेळी मी त्या टोकाकडे नीट पाहिलंच नाही, तुटली म्हणून टोपलीत टाकली. तुटलेली केबल फेकण्याआधी तिचं टोक पाहा. पिळून तुटलेल्या केबलला कुणीतरी वर धरून ठेवलेलं असतं.

बोटानं करता येणारी एक चाचणी आहे. केबल खालून सोडा, वरचं टोक यंत्रातच राहू द्या आणि खालचं चौकोनी टोक दोन बोटांत धरून हळू फिरवा. निरोगी यंत्र जवळजवळ विरोध करत नाही. रबर पिळल्यासारखं वाटलं आणि बोटं सोडल्यावर टोक उलटं परत फिरलं, तर वर बुश धरतोय. तिसऱ्या वेळी धड केबल लावून मी ही चाचणी केली तेव्हा टोक पाऊण फेरा उलटं आलं.

सील बदललं, तेवढ्यानं पुरलं नाही

मग अर्थातच गिअरबॉक्सवरचं ऑईल सील बदललं. जुनं काढून बघितलं तर ते फारसं झिजलेलंच नव्हतं. इथे मी पुन्हा घाई करणार होतो. पण सील धड असताना तेल बाहेर येतंय, तर आतून त्याला कुणीतरी ढकलत असणार, हा विचार डोक्यात आला आणि गिअरबॉक्सच्या वरचा ब्रीदर शोधला. चिखलानं गच्च भरलेला. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला ब्रीदर असतो. तो बंद म्हणजे दाब वाढणार, आणि जिथे वाट मिळेल तिथून तेल बाहेर पडणार. नवं सीलही काही महिन्यांत हेच सोसत बसलं असतं.

तर साखळी अशी होती: ब्रीदर चोंदला, म्हणून सील गळलं, म्हणून तेल चढलं, म्हणून बुश जाम झाला, म्हणून केबल तुटली. मी दर वेळी या साखळीची शेवटची कडी बदलत होतो.

दुरुस्ती करताना डोकं अधिकृत माणसाकडून उघडून कप, चुंबक आणि बुश धुऊन घेतले. आवरण नवं घातलं, कारण जुन्यात तेल भिनलेलं असतं आणि ते कितीही पुसलं तरी पूर्ण निघत नाही. नव्या केबलला ग्रीस लावताना वरचा साधारण वीतभर भाग कोरडा ठेवला. ग्रीससुद्धा तेच आटे धरून वर चढतं! उत्साहानं पूर्ण केबल ग्रीसमध्ये बुडवणारे बरेच आहेत. ते स्वतःच्या हातानं पुढची तक्रार पेरून ठेवतात.

थरथर खरंच केबलचीच असेल तर

सगळाच दोष तेलाचा नसतो. केबल स्वतः वाकडी असेल तर तिची थरथर वेगळी ओळखता येते. केबलचा एक फेरा म्हणजे काट्याचा एक हेलकावा. किलोमीटरला हजार फेरे घेणारी जोडणी धरली, तर ताशी १० किमीला सेकंदाला जेमतेम तीन फेरे होतात आणि काटा डोळ्यांदेखत डुलतो. ताशी ६० ला सेकंदाला सतरा फेरे होतात. काटा तितक्या लवकर हलूच शकत नाही, म्हणून तो शांत वाटतो. थोडक्यात, हळू चालताना डुलणारा आणि वेगात शांत होणारा काटा म्हणजे वाकडी केबल. कुठल्याही वेगात अचानक उड्या मारणारा म्हणजे कोरडी किंवा वर अडणारी केबल. किंचाळल्यासारखा आवाजही येत असेल तर कोरडी.

वाकडेपणा पाहायला केबल आवरणातून काढून काचेवर किंवा सपाट टेबलावर लोळवा. सरळ केबल मुकाट लोळते, मुरड असलेली टुणटुण उड्या मारते. दुसरी पद्धत मला जास्त आवडते. दोन्ही टोकं दोन हातांत धरून केबल इंग्रजी यूसारखी लोंबकळू द्या. एका हातातलं टोक अगदी हळू फिरवा आणि दुसऱ्या हातातल्या टोकाकडे लक्ष ठेवा. तेही तितकंच संथ फिरलं पाहिजे. थोडं थांबून झटकन वळलं, तर त्या झटक्याच्या जागी काटा उडी मारणार हे नक्की.

केबल चांगली असूनही थरथर राहिली तर आवरणाचा रस्ता बघा. पॅनेलच्या लगेच मागे किंवा गिअरबॉक्सपाशी क्लिप घट्ट आवळून आवरण आखूड वळणात अडकवलेलं असतं. वळणाची त्रिज्या १५० मिमीपेक्षा कमी ठेवू नका.

एक अपवाद आठवतो म्हणून सांगतो. जुन्या काही यंत्रांत चुंबक नसतोच. घड्याळाची यंत्रणा ठरावीक काळ मोजते, तेवढ्या काळात चाकाचे किती फेरे झाले ते पाहून काटा त्या जागी नेऊन ठेवते, आणि पुन्हा मोजायला लागते. रेल्वेच्या इंजिनांतल्या स्विस बनावटीच्या हास्लर यंत्रांची आणि मोटरसायकलींवरच्या स्मिथ्स कंपनीच्या जुन्या 'क्रोनोमेट्रिक' वेगमापकांची हीच पद्धत. अशा यंत्राचा काटा पायऱ्या चढल्यासारखा टक टक करत जातो. तो बिघाड नव्हे, तो त्याचा स्वभाव. हे माहीत नसल्यामुळे धडधाकट यंत्र उघडून बिघडवलेलं मी पाहिलंय.

चार्ट स्वतःच खोटं बोलतो तेव्हा

काटा बरोबर, चार्ट चूक, अशी तक्रार आली की पहिल्यांदा चार्टवर छापलेला कमाल वेगाचा आकडा बघा. यंत्र १२५ किमीच्या पट्ट्याचं आणि चार्ट १४० चा, हे फार वेळा होतं. रेघ उमटते, दिसायला झकास दिसते, फक्त आकडे चुकीचे वाचले जातात.

दुसरं, चार्ट मध्यावर नीट बसलाय का. मधलं भोक गोल नसून एका बाजूला निमुळतं असतं ते उगाच नाही. चार्ट एकाच रीतीनं बसावा म्हणून असतं. तो घाईत दाबून बसवला आणि भोक फाटलं तर चार्ट किंचित सरकलेला राहतो. वेगाच्या पट्ट्यात ताशी १० किमीला साधारण दीड मिलिमीटर जागा असते. म्हणजे चार्ट मध्यापासून एक मिलिमीटर सरकला तर सकाळी वेग ६-७ किमीनं जास्त आणि बारा तासांनी तेवढाच कमी. ओळखायचं कसं? गाडी उभी असतानाची शून्याची रेघ पाहा. ती छापलेल्या वर्तुळाला दिवसभर समांतर राहायला हवी. एका बाजूला वर्तुळाच्या आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर गेली असेल, तर यंत्राला दोष देऊ नका.

शून्याची रेघ सगळीकडे सारख्याच अंतरानं वर असेल तर सुई हललेली आहे, आणि तीच चूक प्रत्येक वेगाला तेवढीच राहील. याउलट टायर किंवा गुणोत्तराची चूक वेगाबरोबर वाढत जाते: २० ला अर्धा, ८० ला दोन. पाचशे मिलिमीटर त्रिज्येचा टायर झिजून बारा मिलिमीटरनं कमी झाला तर सुमारे अडीच टक्के फरक पडतो. ८० ला यंत्र ८२ दाखवेल. ही चूक सहसा सहन करण्याजोगी असते. युरोपीय समुदायाच्या १९८५ च्या ३८२१/८५ या नियमानं वापरातल्या टॅकोग्राफला वेगात ताशी ६ किमीपर्यंत आणि अंतरात ४ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. त्यामुळे चालक 'दोन किमी जास्त दाखवतो' म्हणाला तर मी टायरच्या हवेचा दाब बघतो आणि यंत्राला हात लावत नाही.

रेघ जाड पट्ट्यासारखी येत असेल तर सुईचा दांडा सैल आहे किंवा यंत्र पॅनेलवर हलतंय. हाताने धरून गाडी चालू करून बघा, पट्टा बारीक झाला तर स्क्रू आवळा.

'जोरात ब्रेक मारला ते चार्टवर दिसतंय ना?'

हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, बहुतेक वेळा अपघातानंतरच्या भांडणात. उत्तर: साध्या डोळ्यांनी नाही दिसत.

चार्ट चोवीस तासांत एक फेरी मारतो. वेगाची रेघ मध्यापासून साधारण ५० मिमीवर धरली तर तिथला परीघ ३१४ मिमी. त्याचे २४ तासांत भाग पाडले तर मिनिटाला ०.२२ मिमी, आणि सेकंदाला साडेतीन मायक्रॉनच्या आसपास. माणसाच्या केसाच्या जाडीत वीस-एक सेकंद मावतात. चार सेकंदांत थांबलेली गाडी आणि दहा सेकंदांत थांबलेली गाडी, दोघींची रेघ डोळ्याला सारखीच उभी दिसणार. सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञ तिचा उतार मोजतात, ते खरं आहे. पण तो वेगळा व्यवसाय, आणि त्यातही यंत्राच्या स्वतःच्या आळसाचा हिशेब धरावा लागतो.

शिवाय टॅकोग्राफ गाडीचा वेग मोजतच नाही, तो चाकांच्या फिरण्याचा वेग मोजतो. चाकं जाम झाली की रेघ एकदम शून्यावर, गाडी मात्र अजून घसरत पुढे चाललेली. रेल्वेत तर आणखी गंमत होते: कागदाची पट्टी चाकाच्याच अंतरावर सरकवणाऱ्या यंत्रात चाक जाम झालं की कागदही थांबतो, आणि घसरलेलं अंतर पट्टीवरून चक्क गायब होतं.

ब्रेक मोजायचा तर मंदनमापक, म्हणजे वेग किती झपाट्यानं कमी होतो ते मोजणारं यंत्र, लागतो. यांत्रिक प्रकारात एक लोलक तेलात बुडवून टांगलेला असतो. ब्रेक दाबला की तो पुढे झुकतो. झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे मंदन भागिले गुरुत्वत्वरण. इंग्लंडमधला टॅप्ली मीटर याच तत्त्वाचा. लेखणी असलेल्या प्रकारात घड्याळाच्या चावीवर कागद भराभर सरकतो, म्हणून तिथे सेकंदाचा तुकडाही नीट वाचता येतो.

याही यंत्राच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. सगळ्यात जास्त येणारी: 'ब्रेक कमजोर वाटतो, पण यंत्र चांगला आकडा दाखवतं.' अशा वेळी मी गाडीचं नाक बघतो. जोरात ब्रेक लावला की पुढचे स्प्रिंग दबतात आणि यंत्राची बैठकच पुढे कलते. लोलकाला ते कलणं आणि खरं मंदन यांत भेद करता येत नाही. ०.५ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) मंदनाला लोलक २६.६ अंश झुकतो. नाक दोन अंश खाली गेलं तर तो २८.६ वाचतो, म्हणजे ०.५४. नऊ टक्के फुकटचे. मऊ सस्पेन्शनच्या गाडीला हे हमखास होतं. यंत्र जाड चटईवर ठेवलं असेल तर त्याहून वाईट.

दुसरी तक्रार: गाडी थांबल्यावर रेघ शून्यावर परत येत नाही. रस्ता उताराचा आहे, एवढंच. ब्रेकवर उताराला उभी असलेली गाडी लोलकाला ब्रेक लावल्यासारखीच भासते. वीसास एक उतारावर ही शिल्लक ०.०५ जी असते. सपाटीवर शून्य केलेलं यंत्र उतारावर ब्रेकचा जोर बरोबर सांगतं, पण गाडीचा वेग प्रत्यक्षात किती लवकर कमी झाला ते वाढवून सांगतं: वाचन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर खरं मंदन साडेचारच. चढावर उलट. तुम्हाला ब्रेक तपासायचा आहे की थांबायचं अंतर काढायचं आहे, हे आधी ठरवा, मग आकडा वाचा.

तिसरी: थांबल्यावर रेघ मागे-पुढे चार-पाच वेळा डोलते. गाडी थांबताना स्प्रिंगवर एकदा मागे येते, तेवढा एक फुगवटा मान्य. त्यापुढे डोलत राहिली तर लोलकाचं तेल कमी झालंय किंवा बुडबुडा शिरलाय. उलट टोक बोथट, रेघ आळशी, तर तेल थंड आहे. यंत्र अर्धा तास गाडीत ठेवून मग चाचणी घ्या.

आणि दोन यंत्रांचं जमत नसेल, टॅकोग्राफ एक सांगतो आणि मंदनमापक दुसरं, तर कोण खोटं बोलतंय ते शोधायला एक साधा हिशेब पुरतो. सपाट रस्त्यावर ताशी ५० किमीवरून पूर्ण थांबा. ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. मंदनाच्या पट्टीवर रेघेखालचं क्षेत्रफळ काढा: सरासरी मंदन गुणिले वेळ. सरासरी ५ आणि वेळ २.८ सेकंद असेल तर १४, जुळलं. क्षेत्रफळ १५.५ आलं तर नाक कलतंय किंवा टॅकोग्राफ कमी दाखवतोय. आता थांबण्याचं अंतर टेपनं मोजा, ब्रेक लागल्या जागेपासून. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट म्हणजे सरासरी मंदन. ५० वरून १९.३ मीटरमध्ये थांबलात तर ते ५ यायला हवं. टेपला ना स्प्रिंग ना चुंबक, म्हणून वादात तिसरा साक्षीदार तिला करा. एका चाचणीवर मात्र विसंबू नका, तीन घ्या, आणि दोन्ही दिशांनी घ्या म्हणजे नकळत राहिलेला उतार कापला जातो.

त्या गाडीचं म्हणाल तर ब्रीदर साफ केल्यावर महिन्याभरानं ती पुन्हा बोलावली. केबल वरून सोडून टोक पांढऱ्या सुती कापडात दाबलं, डाग पडला नाही. सकाळचा चार्ट भिंगाखाली धरला: पहिल्या तासात रेघ ६० वर, अंतराची टोकं सहा.